"फक्त झाडतो" एवढंच लिहून द्या

"तू कॉलेजला जातेस ना? मग तूच लिहून दे," आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला म्हणाले. "माझे वडील तिथे फक्त झाडलोट करतात, आत काय चालतं ते त्यांना माहीत नाही. एवढंच. पंचांसमोर वाचू आणि विषय संपवू."

विषय माझ्या पप्पांच्या नोकरीचा होता. लोणावळ्याहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला फ्रीमेसन नावाच्या बंद दाराआड सभा घेणाऱ्या संघटनेची एक जुनी दगडी इमारत आहे. पप्पा तिथे बावीस वर्षं केअरटेकर आहेत. त्यांच्या सभाघराला लॉज म्हणतात; पाटीवर तेच लिहिलंय म्हणून शनिवार-रविवारी पर्यटक खोली मागायला येतात. पप्पा सांगतात, "हितं झोपायला मिळत न्हाई, साहेब. फुडं जावा." आत कवट्या ठेवतात अशी गावात अफवा होती. शाळेतल्या मुली मला चिडवायच्या, तुझे पप्पा कवट्या पुसतात. मी भांडायचे, कवट्या नाही, पितळ पुसतात.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, याबद्दल कधी कुणी काही बोललं नव्हतं. मागच्या वर्षी नवे पाळक आले आणि एका रविवारी त्यांनी उपदेशच त्यावर केला. ख्रिस्ती माणूस फ्रीमेसन होऊ शकत नाही. ते लोक गुप्त शपथा घेतात. देवाला विश्वाचा शिल्पकार म्हणतात, पण ख्रिस्ताचं नाव घेत नाहीत. आपलं शास्त्र, बायबल, इतर धर्मांच्या ग्रंथांबरोबर एका रांगेत मांडतात. अशा घराशी ज्याचा संबंध आहे, त्याने तो आधी निस्तरावा आणि मगच प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे यावं. अख्ख्या मंडळीत असा संबंध असलेला माणूस एकच होता. सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. पप्पा गीतांचं पुस्तक मांडीवर धरून सरळ समोर बघत राहिले.

मी घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. त्यामुळे वाचलं की कळतं असा माझा समज होता. लायब्ररीत बसून जेवढं मिळालं तेवढं वाचलं आणि उलट गोंधळले. काही चर्चेसनी आपल्या लोकांना सक्त मनाई केली आहे. काही ठिकाणी खुद्द पाळकच मेसन होते. दोन्हीकडचे लोक प्रार्थना करणारेच. मला ठरवता येईना. शेवटी वाटलं, पाळकसाहेब मार्ग काढून देतायत तर घ्यावा. दहा मिनिटांत पत्र लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

ते घेऊन मी सही आणायला लॉजवर गेले. संध्याकाळी त्यांची सभा होती. पप्पा काळ्या-पांढऱ्या फरशीवर पोछा मारत होते. मी पत्र वाचून दाखवलं.

"मी नुसता झाडतो व्हय?" ते म्हणाले.

"पप्पा, तुम्ही मेंबर थोडेच आहात?"

"मेंबर न्हाई. पन टेबल कोन लावतं?"

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि नळावर हात धुऊन आले. मेंबर लोक तिथे बूट घालून फिरतात, पप्पा मात्र ग्रंथांचं कपाट अनवाणीच उघडतात. आतून त्यांनी एकेक ग्रंथ दोन्ही हातांनी काढून टेबलावर मांडला. "ही गीता. हे कुरान. ही पारशी साहेबांची अवेस्ता. आन् हे आपलं." चारही शेजारीशेजारी, एकावर एक नाही. आपलं शास्त्र ठेवताना त्यांचे ओठ हलले.

"ज्यो त्यो आपापल्या ग्रंथावर हात ठेवतो. तवर मी दार लावून भाईर. आत काय बोलत्यात मला ठावं न्हाई, ते खरं हाय. पन शास्त्र मी ठेवतो. बावीस वर्सं. दर खेपेला प्रभूचं नाव घेतो, त्या खोलीत दुसरं कुनी घेवो न घेवो. ते तुज्या कागदात कुटं हाय?"

"ते लिहिलं तर भोजन मिळायचं नाही."

"मग खोटं लिवून प्रभूच्या मेजावर जाऊ?"

मला लाज वाटली. पत्र तिथेच फाडलं.

बुधवारच्या प्रार्थनेनंतर पंच बसले, तेव्हा मी दुसरं पत्र वाचलं. त्यात पप्पांनी सांगितलं तेवढंच होतं. पंचांतले सर्वांत वयस्कर, रेल्वेतून रिटायर झालेले आबा कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं पोरी, एवढं खरं बोलायला तुला सांगितलं कुणी? ते पहिलं आण की!"

"ते फाडलं, आबा."

सगळे हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. "हा भावनेचा नाही, सिद्धांताचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

मी सहसा मोठ्यांपुढे बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "सिद्धांत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त शिकलात. फ्रीमेसन होणं ख्रिस्ती माणसाला चालतं का, ते मला अजून कळलेलं नाही. त्या शपथा मलाही पटत नाहीत. पण खोट्या कागदावर सही केली तर माझे पप्पा ख्रिस्ती, आणि खरं सांगितलं तर नाहीत, हे मला कुणीतरी समजावून सांगा."

पंचांनी निर्णय पाळकसाहेबांवरच सोडला. आबा काठीच्या मुठीकडे बघत बसले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही दोघं पुढे गेलो, गुडघे टेकले, ओंजळी पुढे केल्या. पाळकसाहेब भाकर देत देत आले. पप्पांच्या हातांपाशी थांबले आणि भाकर न देताच पुढे सरकून माझ्यासमोर आले. मी माझे हात मागे घेतले. त्यांना ते अपेक्षित नव्हतं. क्षणभर भाकर त्यांच्या बोटांत तशीच राहिली. पप्पांनी मात्र हात मागे घेतले नाहीत. त्या हातांना पितळ पुसायच्या ब्रासोचा वास येत होता.

त्याला आता पाच महिने झाले. नोकरी पप्पांनी सोडलेली नाही, मंडळीही नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही जातो आणि त्याच जागी गुडघे टेकतो. मागच्या खेपेला आबा काठी टेकत आमच्या शेजारी आले, मोठ्या कष्टाने वाकले आणि त्यांनीही भाकर घेतली नाही. पाळकसाहेबांना काय वाटायचं ते वाटो. येत्या पहिल्या रविवारीही पप्पांचे हात पुढेच असतील.