चावीवाल्याच्या लग्नपत्रिका

राहनाळच्या पुढे गोदामांची जी रांग लागते, तिच्या पोटात एक गाव आहे. गावाला पाटी नाही. गोदामांना आहेत, त्यामुळे पाहुणे चुकत नाहीत, फक्त गावात पोचत नाहीत. या गावच्या पंचायतीत केसरीनाथ गेली सव्वीस वर्षं चावीवाला आहे. म्हणजे लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला बांधून हिंडायचं आणि कुठल्या आळीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, ते सांभाळायचं. खालच्या आळीला नऊ, तळ्याकडे अकरा, आणि वरच्या पाड्याला चौदा, कारण पाडा चढावर आहे. पाइपांचा नकाशा पंचायतीकडे कधीच नव्हता. जो होता तो केसरीनाथच्या डोक्यात, आणि डोक्यात मावला नाही तेवढा लग्नपत्रिकांवर.

हे जरा सांगायला हवं. गावात लग्न निघालं की पहिली पत्रिका गावदेवीला जाते आणि दुसरी केसरीनाथला. हळदीला दीड-दोन हजार माणूस जेवतं. तिथं पाणी कमी पडलं तर गावदेवी चावी घेऊन येत नाही. केसरीनाथ पत्रिकेवरचं आळीचं नाव तेवढं वाचतो, पत्रिका उलटी करतो आणि कोऱ्या पाठीवर त्या दिवशीचे आटे लिहितो. तेव्हाच त्या आळीत नवा व्हॉल्व्ह बसला, वायसर बदलला, तर तेही तिथंच. अशा सहाशे-सातशे पत्रिका त्यानं पत्र्याच्या डब्यात जमवल्या होत्या. गावाला वाटायचं, माणूस प्रेमळ आहे.

गेल्या वर्षी मृणाली नावाच्या मॅडम आल्या. गरीब देशांतल्या पंचायतींना आपापल्या मालमत्ता सांभाळायला शिकवणं, हे त्यांच्या संस्थेचं काम. पंप, टाक्या, व्हॉल्व्ह, दिव्याचे खांब, सगळ्यांना नंबर लावायचा आणि मोबाईलमध्ये नोंद करायची. वस्तू सांभाळण्याआधी ती आहे हे सिद्ध व्हावं लागतं. त्यासाठी मोबाईलला तारखेचा छापील कागद लागे. कागद नाही तर वस्तू अनधिकृत, आणि अनधिकृत व्हॉल्व्हला सील.

"जुनं दप्तर कुठाय?" मॅडमनी ग्रामसेवकांना विचारलं.

"पुरात गेलं."

"कुठल्या पुरात?"

"दरवेळच्या," ग्रामसेवक म्हणाले.

तेव्हा केसरीनाथनं डबा आणला. मॅडमनी पहिल्या पत्रिकेचा फोटो काढला. छापील होती, तारीख होती, पत्ता होता. मोबाईलनं मान्य केली. अशा रीतीनं मुख्य रस्त्याच्या व्हॉल्व्हचा दाखला म्हणून चि. प्रितेश आणि चि. सौ. कां. भाविका यांचा शुभविवाह सरकारदरबारी रुजू झाला. दोन दिवसांत एकेचाळीस व्हॉल्व्ह अधिकृत झाले. इतक्या सुबक छपाईची कागदपत्रं दुसऱ्या कुठल्याच देशातून आली नाहीत, असं मॅडमच्या वरिष्ठांनी कळवलं.

अडलं ते बेचाळिसाव्यापाशी. तो पाड्याचा. पाड्यावरची माणसं पत्रिका छापत नाहीत. दोघं जण येतात, हातावर हळदीचे तांदूळ ठेवतात आणि तोंडानं दिवस सांगतात. तांदूळ उलटे करून त्यांवर काही लिहिता येत नाही.

सोमवारी सील लागलं. लावायचं कामही चावीवाल्याचंच होतं. त्यानं तार गुंडाळली, शिसं दाबलं, आणि त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना. चाळीस घरांच्या बाया गोदामामागच्या नळावर वॉचमनच्या मेहरबानीनं उभ्या राहू लागल्या. बुधवारी पाड्यावरच्या काशीनं रिकामा हंडा आणून केसरीनाथच्या ओटीवर ठेवला. मागं तिचा घरवाला नवशा.

"दादा, बारा वर्सं तू पानी सोडतंस. आनि आता व्हॉल्व्हच न्हाय?"

"मी न्हाय म्हनत गो. मोबाईल म्हनतो."

"त्याला तहान लागते काय?"

केसरीनाथनं आवाज खाली आणला. "व्हॉल्व्ह बसवला त्याच उन्हाळ्यात तू पाड्यावर आलीस. तुमच्या लग्नाची पत्रिका छापू. मागची तारीख टाकू."

काशीनं नवशाकडे बघितलं. नवशा हंड्याकडे बघत होता.

"खोटं कशाला छापतंस?" काशी म्हणाली. "आमचं लगीन झालंय कुठं?"

पाड्यावर हे काही नवल नव्हतं. आधी घर, मग पोरं, आणि जमेल तेव्हा लग्न. यांचं बारा वर्षांत जमलं नव्हतं. मोठी गोदू दहा वर्षांची, धाकटी सुकन्या सातची.

"मग करा की! शुक्रवारी करा."

"शुक्रवारी मला ड्युटी हाय," नवशा पहिल्यांदाच बोलला.

"गोदामात सांग, लगीन हाय."

"त्यांना मी लगीन झालेला म्हनून म्हाइत हाय."

धामणकर नाक्यावर देवेशचं छापखान्याचं दुकान आहे. तो म्हणाला, "दादा, खाली लहान मुलांची ओळ टाकावीच लागते. नाहीतर पत्रिका खरी वाटत नाही." घरात लहान मुलं दोनच होती. तेव्हा गणपती, मुहूर्त, आशीर्वाद झाल्यावर सगळ्यांत खाली छापलं गेलं: 'आमच्या आई-बाबांच्या लग्नाला यायचं हं! — गोदू, सुकन्या.'

शुक्रवारी दुपारी पाड्यावर हळद लागली. मृणाली मॅडमना पत्रिकाही गेली होती आणि तांदूळही. त्या आल्या, आणि मांडवात उभ्या राहून पत्रिका तीनदा वाचली.

"ही गोदू म्हणजे वराची मुलगी?"

"हो," केसरीनाथ म्हणाला.

"आणि वधूची?"

"वधूचीपन."

"पहिल्या लग्नाची?"

"ह्याच लग्नाची."

मॅडमनी पत्रिकेची घडी घातली. मग व्हॉल्व्हपाशी गेल्या. तो गंजून तपकिरी झाला होता.

"केसरीदादा, हा जुना दिसतोय. कागदावर तारीख आजची."

"मॅडम, नवरा-बायकोपन जुनीच हायत. तारीख आजचीच हाय ना?"

यावर मॅडमच्या नियमावलीत काही नव्हतं. त्यांनी पत्रिकेचा फोटो काढला. पाड्यावर नेटवर्क नव्हतं, म्हणून मोबाईल उंच धरून त्या टेकाडावर चढल्या. इकडे नवशा डोक्यापासून पायापर्यंत हळद माखून पाटावर बसलेला. आंघोळीला पाणी नाही, कारण सील. हळद वाळली, मग तडकली. त्याला हसता येईना.

"आरं, नवरा वाळला!" एक म्हातारी ओरडली.

"वाळू दे," दुसरी म्हणाली, "तुकडं पडायच्या आधी पानी आलं म्हंजे झालं."

टेकाडावरून मॅडमनी हात हलवला आणि मोबाईलवरचं मोठ्यानं वाचलं. "मान्य! प्रकार नवीन. स्थिती उत्तम. पुढची तपासणी वीस वर्षांनी!"

केसरीनाथनं तार तोडली आणि चावी लावली. एकेक आटा मोजत चौदापर्यंत गेला. पाइप खोकला, आधी लाल पाणी थुंकला, मग स्वच्छ धार आली. करवल्या तांबे घेऊन नवऱ्याकडे धावल्या. काशी मुंडावळ्या सावरत पुढं झाली आणि सगळ्यांत आधी आपला हंडा नळाखाली सरकवला. तिच्यामागं बघता बघता चाळीस घरांची रांग लागली.

"अगो, नवऱ्याची आंघोळ?" केसरीनाथ म्हणाला.

"बसू दे," काशी म्हणाली. "तो कुठं पलून जातोय? आधी हंडं भरू देत."