आजोबांच्या आडनावाच्या टाचण्या

आजोबांचं आडनाव मी इथं लिहीत नाही. लपवायचं म्हणून नव्हे. जगात त्या आडनावाची माणसंच इतकी थोडी आहेत, की लिहिलं तर तुम्ही उद्या त्यांच्या दारात जाऊन उभे राहाल. टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीत ते आडनाव एकदाच होतं आणि ते त्यांचंच. मी त्यांच्याकडे पहिल्या दिवशी कामाला गेले तेव्हा त्यांनी डिरेक्टरी उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बघ, माझ्या मागेपुढे कुणी नाही." मला वाटलं, बिचाऱ्यांना मूलबाळ नाही. मी म्हटलं, "सॉरी." ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

ही २००४ सालातली गोष्ट. नणंदेनं कागदपत्रं करून आम्हाला अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगला बोलावून घेतलं होतं. नवरा एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये लागला, मुलगी शाळेत रमली, आणि मी अपार्टमेंटमध्ये बसून गॅस बंद आहे की नाही ते तीन-तीनदा बघायची. फोन वाजला तरी उचलायची नाही, कारण पलीकडून इंग्रजी येणार. मी आठवीतून शाळा सोडलेली. शेवटी ग्रोसरी स्टोअरमधल्या एका मराठी काकूंनी काम सुचवलं. "एक म्हातारे गृहस्थ आहेत, गोरे. सकाळचे चार तास. स्वैपाक, झाडलोट आणि थोडी सोबत. स्वभावानं गरीब आहेत, तू घाबरू नकोस." मी घाबरतच गेले.

ऐंशी ओलांडलेले, उंच, गुडघ्यांनी जेरीला आलेले. आयुष्यभर जमीन मोजणीचं काम केलेलं. म्हणाले, मला नावानं हाक मार. त्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभच वळेना. चार दिवस मी "एक्स्क्यूज मी" म्हणून निभावलं, पाचव्या दिवशी तोंडून "आजोबा" निघून गेलं. अर्थ विचारला, मी सांगितला. ते म्हणाले, "चालेल. पण मला नातवंडं नाहीत, तेव्हा तूच पहिली."

त्यांच्या मागच्या खोलीत भिंतभर एक नकाशा होता. उत्तर इंग्लंडातल्या एका डोंगराळ मुलखाचा, मऊ फळीवर चिकटवलेला. त्यावर दोनशेच्या वर टाचण्या. एक टाचणी म्हणजे त्या आडनावाचं एक घर, कुठल्याशा वर्षी त्या गावात राहिलेलं. टाचणीचा रंग म्हणजे घराण्याची शाखा. आपण भावकी म्हणतो तसं. एका खोऱ्यात टाचण्यांची नुसती गर्दी, गुळाला मुंग्या लागाव्या तशी. तिथून थोड्या गिरण्यांच्या शहरांकडे गेलेल्या, दोन-चार बंदराकडे. त्या बंदरातूनच त्यांचे आजोबा टेक्ससला आले. सहा-सातशे वर्षांपूर्वी कुणा एकाला हे आडनाव चिकटलं, आणि आज उरलेत ते सगळे त्याचेच, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रत्येक टाचणीचं एक कार्ड होतं, बुटांच्या खोक्यांत कोंबलेलं. आजोबांनी मला कार्डं लावायला बसवलं. म्हटलं, मला इंग्रजी वाचता येत नाही. "मग याच्यावरच शीक," म्हणाले. रोज दहा कार्डं. ते एकेक अक्षरावर पेन्सिल ठेवायचे आणि मी चुकले तर खिडकीबाहेर बघत थांबायचे, म्हणजे मला लाज वाटू नये. दुकानातल्या पाट्या वाचता यायच्या आधी मला बाप्तिस्मा, लग्न आणि पुरलं हे तीन शब्द इंग्रजीत वाचता यायला लागले. गावांची नावं मात्र अडायची, म्हणून मी कार्डं वर्षांप्रमाणे लावली. आकडे तरी नक्की कळत होते.

या सगळ्यामागे त्यांची एकच इच्छा होती. आडनाव जिथं सुरू झालं त्या जागेवर जाऊन एकदा उभं राहायचं. आडनावाचा अर्थ त्यांना माहीत होता: अमक्यानं झाडं तोडून साफ केलेली जमीन. म्हणजे अशी जागा होती खास. पण आजच्या नकाशावर त्या नावाचं काही नाही. त्यांची मुलगी दुसऱ्या राज्यात राहायची. ती फोनवर असली की आजोबा स्पीकर लावायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"डॅड, मे महिन्यात एक आठवडा. डॉक्टर म्हणालेत, एवढा एकच प्रवास, पुढचा नाही. गाडी मी चालवीन. कुठं उभं राहायचं ते तुम्ही ठरवा."

"ठरवतोय."

"दोन वर्षं ठरवताय."

त्या गर्दीच्या खोऱ्यातलं एक शेत त्यांनी धरून ठेवलं होतं, पण मनातून खात्री नव्हती.

नोव्हेंबरात दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी आजोबा शेजाऱ्यांबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मनात आलं, या माणसानं आपल्यासाठी एवढं केलं, आपण काय करू शकतो? तर साफसफाई. आपल्याकडे दिवाळीआधी भिंतीवरचं सगळं खाली येतंच: देवांचे फोटो, घड्याळ, कॅलेंडर. मी तेच केलं. नकाशाही उतरवला. मागे ही जळमटं. नकाशावर फडकं फिरवायला गेले तर टाचण्यांत अडकायला लागलं. मग काय, एकेक टाचणी काढली, रंगांप्रमाणे वाट्यांत भरून ठेवली, नकाशा लख्ख पुसला. वाट्या ओळीनं मांडल्या तेव्हा मला माझंच कौतुक वाटत होतं.

आजोबा दारात आले, टोपी हातात. नकाशाकडे बघितलं, वाट्यांकडे बघितलं, आणि खाली बसले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नकाशाची नुसती चाळणी दिसत होती. भोकं होती, पण कुठलं भोक कुणाचं? 

ते म्हणाले, "हे कशासाठी केलंस?"

"दिवाळी," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"सण. साफसफाई करतात."

"तुमचा सण साफसफाईचा असतो?"

"आधी साफसफाई. मग खाणं."

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "मग खाणं कुठाय?"

मला रडू फुटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नकाशा धुऊन वाळत घालायचा राहिला की गं." मग माझा चेहरा बघून चकल्यांचं पीठ मळायला बसला. स्वैपाक्याशी लग्न केल्याचा तेवढा फायदा.

दुसऱ्या दिवशी डबाभर चकल्या आणि चिवडा घेऊन गेले. काम जाणार याची मनाची तयारी केली होती. आजोबांनी एक चकली तोंडात टाकली, खोकी पुढे ओढली. "मी रंग सांगतो. तू वाच. टाचणी तूच लाव, माझा हात थरथरतो."

खोकी वर्षांप्रमाणे लावलेली, त्यामुळे आम्ही सर्वांत जुन्यापासून सुरुवात केली. आजोबांनी मुळात टाचण्या मिळतील तशा लावल्या होत्या. आज हे कार्ड सापडलं, उद्या ते. त्यामुळे जुन्या टाचण्या गर्दीत पार हरवलेल्या. पहिल्या दिवशी माझ्या वाचनाच्या वेगानं जेमतेम अकरा लागल्या. मी मागं सरून बघितलं, आणि बघताना जे मनात आलं ते बोलून गेले.

"आजोबा, त्या गावात राहणाऱ्याला त्या गावाचं नाव कोण लावेल?"

"म्हणजे?"

माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावायला अर्धा तास गेला. आमचं आडनाव 'कर' लागणारं, गावावरून आलेलं. लहान असताना एकदा वडील आम्हाला त्या गावी कुलदैवताला घेऊन गेले. एस.टी.तून उतरल्यापासून मी आमच्या आडनावाची घरं शोधत होते. देवळातल्या गुरवाला विचारलं, तर तो हसला. "तुमच्या आडनावाचं इथं कुणी नाही, पोरी. इथले सगळे इथलेच. तुमचा कुणीतरी उठून दुसऱ्या गावाला गेला, तिथले लोक त्याला आमच्या गावावरून हाक मारायला लागले." एवढंच. हे आपल्याकडे कुणालाही माहीत असतं, त्याला शिक्षण लागत नाही.

आजोबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग उठून नकाशाच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल. त्या अकरांपैकी एकही टाचणी गर्दीच्या खोऱ्यात नव्हती. सगळ्या त्या खोऱ्यावरच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, हळदीकुंकवाला आलेल्या बायका मधली जागा सोडून गोल बसतात तशा बसल्या होत्या. मधे काहीच नव्हतं. त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"चाळीस वर्षं जमिनी मोजल्या," ते म्हणाले, "आणि मी गर्दीत शोधत बसलो."

त्याच आठवड्यात त्यांनी तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या कचेरीला पत्र घातलं. अमक्या डोंगराच्या पलीकडे, अमक्या उतारावर, या नावाचं रान जुन्या नकाशांत आहे का? त्यानंतरचा हिवाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. आजोबा मजेत होते. उरलेल्या टाचण्या लावताना शिट्टी वाजवायचे. जीव टांगणीला लागला होता तो माझा. चुकीचं निघालं तर? आयुष्यात एकच प्रवास उरलेला, आणि तो माझ्या आठवीच्या अकलेवर.

त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते.

"म्हणजे डॅड, आपण इंग्लंडला जाऊन रिकाम्या डोंगरावर उभं राहायचं, कारण तुमच्या स्वैपाकीणबाई तसं म्हणाल्या?"

"तिनं सगळी कार्डं वाचलीत. तू किती वाचलीस?"

 मी नळ बारीक केला. घरी येऊन कुलदैवताला नारळ बोलले. आजोबांनाही सांगून ठेवलं की मूळ गावी पहिल्यांदा जातात तेव्हा तिथं नारळ फोडतात. ते म्हणाले, नोंद घेतली.

मार्चमध्ये पाकीट आलं. आजोबांनी फोडलं, आतला कागद उलगडला आणि माझ्यापुढे धरला. एका जुन्या जहागिरीच्या नकाशाची झेरॉक्स होती. वाकड्यातिकड्या रेघांचे तुकडे, एक झरा, आणि एका तुकड्यात बारीक अक्षरं. मी पेन्सिल घेतली, एकेका अक्षरावर ठेवत वाचत गेले. ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटचं अक्षर झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की डिरेक्टरीत बघितलेलं तेच आडनाव मी वाचलंय. डोंगराच्या पलीकडे, मोकळ्या जागेच्या अगदी मधोमध नाही, पण बोट ठेवलेलं त्याच्या नखाएवढ्या अंतरावर.

मे महिन्यात बापलेक जाऊन आले. त्या आठवड्यात मी त्यांच्या कुंड्यांना इतकं पाणी घातलं की एक झाड कुजलं. परतल्याच्या दिवशी पहिला फोन मुलीचाच, आणि तिला माझ्याशी बोलायचं होतं. 

"तुम्हाला माहिताय, आम्हाला नारळासाठी तीन सुपरमार्केट फिरावी लागली?"

मी पुन्हा सॉरी म्हटलं.

"सॉरी कसलं. डॅडनी तो तिथल्या कुंपणाच्या दगडावर फोडला. सात फटके मारले. मेंढ्या पळून गेल्या. अर्धा तिथं ठेवला, अर्धा गाडीत बसून खाल्ला. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं. 

आजोबांनी फोटो दाखवला. उतार, गवत, एक पडकं दगडी कुंपण, वाऱ्यानं फुगलेला कोट, आणि कोटात आजोबा, लहान मुलासारखे हसणारे. घर नाही, दार नाही, काही नाही.

"खालच्या गावात मी सगळ्यांना विचारलं," ते म्हणाले. "पोस्टात, दुकानात, चर्चमध्ये. या आडनावाचं कुणी आहे का?"

"मग?"

"एकही नाही," त्यांनी सांगितलं. लॉटरी लागल्यासारखं तोंड करून सांगितलं. मग खिशातून एक पांढरी टाचणी काढली, त्या नकाशावर कुठंच नसलेल्या रंगाची, आणि माझ्या हातात दिली. मी ती मोकळ्या जागेत लावली. 

त्या वर्षीच्या दिवाळीआधी मी फडकं घेऊन मागच्या खोलीत गेले, तर घड्याळ आणि कॅलेंडर आजोबांनी आधीच उतरवून ठेवलं होतं. नकाशा भिंतीवर होता. त्याच्या खाली ठळक इंग्रजी अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवलेली: याला हात लावायचा नाही, चकल्यांची वाट बघतोय. मी ती पेन्सिल न लावता, एका दमात वाचली.