थोरला, धाकटा आणि आनंददादा

आनंददादा प्रोसेसर तपासायला बसला की आधी डोक्यावरचा पंखा बंद करायचा. मग खिडकी लावायचा. मे महिना, वर तापलेले पत्रे, वसईजवळच्या वटार गावचा तो चिकट उकाडा, आणि हा गृहस्थ गंजीफ्रॉकवर खुर्चीत बसलेला. समोरच्या टेबलावर दोन कंप्युटर, कॅबिनेटशिवाय, पोटातलं सगळं बाहेर. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सरळ म्हटलं, "दादा, वेडबीड लागलंय का तुला? जीव जाईल माणसाचा!"

"पंखा ज्याच्या जवळ तो जिंकणार, बाय," तो म्हणाला. "ही लबाडी झाली. दोघांना सारखंच उकडलं पाहिजे."

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. चार तासांचं लग्न अर्ध्या तासात बसवायचं म्हणजे कंप्युटर दमदार लागतो, आणि वसई-विरारमध्ये या धंद्यातल्या बहुतेकांचे कंप्युटर आनंददादानेच जोडलेले. घरची केळीची वाडी भावाकडे, याचं सगळं चित्त वाडीतल्या घराच्या माळ्यावर. प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांची नावं तो कधी घेत नसे. एक 'थोरला', दुसरा 'धाकटा'. प्रोसेसरच्या आत काम वाटून घेणारे कोअर म्हणजे 'हात'. "थोरला एकट्याने ओझं उचलायला भारी, पण वीज खातो फार. धाकट्याचे हात जास्त, पण सगळ्या हातांना काम द्यायला पाहिजे ना? नाहीतर बसतात नुसते." असं तो बोलायला लागला की आपण प्रोसेसरबद्दल ऐकतोय की त्याच्या नातेवाइकांबद्दल, तेच कळायचं नाही.

एकदा विरारचा एक फोटोग्राफर इंटरनेटवरून आकड्यांचे तक्ते छापून घेऊन आला. कुठला प्रोसेसर किती टक्क्यांनी पुढे, सगळं रंगीत. दादाने ते नीट वाचले, घडी घालून परत दिले. "हे एसीतले आकडे. तुझ्या घरी एसी आहे?" नव्हता. "मग तुझ्या उकाड्यात कोण दम खातो ते बघू." प्रोसेसर फार तापला की आपला वेग स्वतःच कमी करतो, त्याला दादा दम खाणं म्हणायचा. कोण आधी दम खातो आणि कोण टिकतो, हे तो तासन्‌तास समोर बसून बघायचा. स्क्रीनवर आकडे दिसत असतात, मग समोर कशाला बसायचं, असं विचारलं की वैतागायचा. "आकड्यात आवाज येतो का? पंख्याचा सूर बदलतो तो ऐकावा लागतो."

हे सगळं मजेचं होतं, त्याची छाती दुखायला लागेपर्यंत.

नलिनीवहिनींनी मला ते मागच्या उन्हाळ्यात सांगितलं. आम्ही ओट्यावर भाजी निवडत होतो, दादा बाजारात गेला होता. डॉक्टरांनी हृदयाचं म्हणून सांगितलं होतं. गोळ्या चालू होत्या, पुढच्या तपासण्या हा टाळत होता. उन्हात फिरू नका, दमू नका, कोंदट जागेत बसू नका. "शुभा, कोंदट जागेत बसू नका म्हणे! आता यांना माळ्यावरून कोण उतरवणार?" वहिनी हसल्या खऱ्या, पण हातातली शेंग सोलायची तशीच राहिली.

मग मला दिसायला लागलं. पूर्वी जिना एका दमात चढणारा दादा मध्येच थांबायचा आणि केळीचे घड बघितल्यासारखं करायचा. डावा हात चोळायचा. विचारलं तर म्हणायचा, "पेट्या उचलल्या काल." घामाचं विचारलं तर, "उकाडा आहे बाय, घाम नाही येणार तर काय येणार?" त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर खरं वाटायचं, हीच भीती होती. त्या खोलीत धडधाकट माणसालाही श्वास जड व्हायचा. मग याचा जड होतोय तो खोलीमुळे की आतून, कसं ओळखणार?

यंदा माझा कंप्युटर बंद पडला. वहिनींनी फोन करून सांगितलं, "तयार घे गं कुठूनतरी. यांना सांगूच नको." मी तयार बघायला लागलेही. पण आमच्या धंद्यात गोष्ट लपते होय? फोटोग्राफर मंडळींकडून त्याला कळलं. त्याचाच फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मी मेलो काय, बाय?"

"दादा, असं अभद्र बोलू नकोस. मला कुठलाही चालेल. थोरला दे, धाकटा दे, माळ्यावर बसू नकोस म्हणजे झालं."

"कुठलाही म्हणजे काय?" तो म्हणाला. "कुठलाही कधी कोणाला चालतो का?"

दोन्ही नवे प्रोसेसर त्याने त्याच आठवड्यात मागवले. मी पूर्वी केलेल्या एका लग्नाचा व्हिडिओ दोघांना सारखाच द्यायचा आणि बघायचं. मी दुपारी जेवण करूनच वटारला पोचले. म्हटलं, निदान समोर असलेलं बरं. दादाने मला माळ्यावर येऊ दिलं नाही. "एक माणूस वाढला की खोली तापते." वहिनी चिडल्या. "अहो, दार तरी उघडं ठेवा!" त्याने ठेवलं. आम्ही खाली आलो आणि जरा वेळाने वर दार लागल्याचा आवाज आला.

"बघितलंस?" वहिनी म्हणाल्या. "ऐकतील तर शपथ."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. वरून दोन्ही मशीनच्या पंख्यांची घरघर येत होती, एक जाड आणि एक बारीक. वहिनी बोलता बोलता गप्प व्हायच्या, छताकडे बघायच्या, पुन्हा बोलायच्या. मी दोनदा जिन्याखाली जाऊन हाक मारली. पहिल्यांदा तो म्हणाला, "चाललंय." दुसऱ्यांदा नुसतं "हं" आलं. मला ते 'हं' आवडलं नाही.

मग बारीक आवाज थांबला. लगेच पाठोपाठ जाड. घर एकदम शांत झालं. वहिनींचा चेहरा खुलला. "संपलं बाई एकदाचं!" त्यांनी चहाचं आधण ठेवलं, त्याच्यासाठी कमी साखरेचा वेगळा कप काढला. आता तो खाली येणार, कपाळ पुसत निकाल सांगणार, आणि आम्ही दोघी मिळून त्याला फाडून खाणार. चहा उकळला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. वहिनींनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मी जिना चढले.

दादा खुर्चीत बसलेला होता, मान एका बाजूला. मी हाक मारली, खांदा हलवला, दार-खिडकी सगळं उघडलं, खाली ओरडले. शेजारी धावले, गाडी आली, वसईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि वहिनींना बाजूला बसायला सांगितलं.

बाराव्याच्या कार्यानंतर माणसं पांगली तेव्हा वहिनींनी मला आत बोलावलं. त्या रडत नव्हत्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "तू वर गेलीस तेव्हा स्क्रीन बघितली असशील ना? शुभा, खरं सांग. दोघांत कुठला चांगला निघाला?"

मी बघितली होती. नको असताना बघितली होती. दोन्ही स्क्रीनवर काम पूर्ण झालेलं होतं, आणि दोघांमध्ये जे काही अंतर होतं ते माझ्यासारखीला आयुष्यात कधी जाणवलं नसतं.

"फरक नव्हता, वहिनी," मी म्हणाले. "दोन्ही सारखेच होते."

वहिनींनी वर माळ्याकडे बघितलं.

"मग हे इतका वेळ काय बघत बसले होते गं?"