राक्षसाची मराठी
तापलेल्या प्लायवूडचा आणि नव्या रंगाचा वास आला की मला कॅलिफोर्नियातली आमची फॅक्टरी आठवते, नाणं टाकून खेळायची, लाकडी कपाटाएवढी व्हिडिओ गेमची मशीन्स बनवणारी. ऐंशीच्या दशकात तिथे आम्ही दोघेच मराठी होतो, मी आणि माझ्याहून बरेच मोठे एक काका. त्यांच्या घरून कुणी उपाशी परतत नसे. नव्या गेममधल्या राक्षसाला अनोळखी भाषा हवी होती, म्हणून साउंडवाल्या गोऱ्याने काकांना मराठीत काहीतरी बोलायला लावलं. ते सवयीने म्हणाले, "जेवल्याशिवाय जायचं नाही." तोच आवाज घोगरा करून चिपमध्ये भरला. गेम बाजारात जायच्या आधीच काका हार्ट अटॅकने गेले. रविवारी त्यांना पोचवून आम्ही त्यांच्या घरी टेकलो, आणि दुःखाच्या घरी खायचं नसतं म्हणून पहिल्यांदाच तिथून तसेच उठलो. सोमवारी सकाळी डबा हातात घेऊनच मी टेस्टिंगच्या खोलीत शिरलो. नवी मशीन्स पाठवण्याआधी तिथे दिवसरात्र चालू ठेवत. खोली भट्टीसारखी तापली होती, आत दुसरं कुणी नव्हतं. सगळं ठीक आहे हे बघून मी दाराकडे वळलो, तसं मागून एक मशीन बोललं, मग शेजारचं, मग सगळीच, "जेवल्याशिवाय जायचं नाही." बाहेरून जाणारा सुपरवायझर हसून म्हणाला, "मॉन्स्टर मस्त जमलाय." मी दार लावून घेतलं, त्या मशीन्ससमोर जमिनीवर बसलो आणि डबा शेवटच्या घासापर्यंत संपवला. उठून निघालो तेव्हा एकही मशीन बोललं नाही. अजूनही तो वास आला की आधी अंगावर काटा येतो, आणि मग भूक लागते.