साकवापलीकडचा चंद्र

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पडवीतल्या खाटेवरच असायची. मी कुडाळच्या कॉलेजात शिकवायची आणि संध्याकाळी घरीच बनवत असलेल्या दुर्बिणीचा आरसा घासत बसायची. ते कळल्यावर आई म्हणाली, "माका एकदा चंद्र जवळसून दाखव गो."

आमचं घर मालवणजवळ, खाडीवरच्या अरुंद लाकडी साकवापलीकडे. गाडी तिथवर जात नाही, आणि दुर्बिणीची प्लायवूडची नळी तर मला आणि दादाला मिळूनही उचलेना. मी नळीच काढून टाकली. खाली फिरत्या बैठकीवर आरशाची पेटी, वर भिंगाची कडी, मध्ये अॅल्युमिनियमचे चार उभे पाईप. सगळं सुटं करून खांद्यावरून नेण्याजोगं.

दादाने आणि मी ते साकवावरून नेलं, तिन्हीसांजेला अंगणात जुळवलं आणि आईला खुर्चीत बसवलं. खाडीवरून वारा येत होता. आईने भिंगाला डोळा लावला.

"ह्यो कापता कित्याक गो? थंडी वाजता काय तेका?"

दादा हसला. मी वाकून पाहिलं. वाऱ्यासरशी कडी डुलत होती आणि तिच्याबरोबर चंद्रही.

कुडाळला परतून मी आकाशकंदिलाच्या कामट्यांचे नमुने बांधत बसले. चौकोन बोटाने दाबला की कलायचा; त्रिकोण जागचा हलत नसे. पाईप जाड केले तर वजन वाढणार. म्हणून आणखी बारीक पाईप जास्त संख्येने घेतले, तिरके लावले, वर दोन-दोन टोकं एकत्र आणली. चहूबाजूंनी त्रिकोणच त्रिकोण. बोल्ट घट्ट आवळले. कधी कधी काम सोडून त्या रिकाम्या पिंजऱ्यातून मावळतीचे रंग बघत राहायची. भोवतालचं घर विरघळल्यासारखं वाटायचं.

पुढच्या शुक्लपक्षात पुन्हा तेच अंगण, तसाच वारा. आईने डोळा लावला. या वेळी चंद्र स्थिर होता.

"पावसान खळा ठोकून खड्डे पाडल्यासारखो दिसता," ती हळूच म्हणाली. मग एकदम, "गे बाय, सरकता ह्यो!"

"सरकांदे," मी म्हटलं. "पाईपाक बोट लाव आणि हळू ढकल."

तिने ढकललं. चंद्र परत आला. मग ती त्याच्या मागोमाग दुर्बीण सरकवत राहिली, न थकता, ओठांवर काहीतरी पुटपुटत. माडांमागे काळोख दाटला. दादाने जेवायला हाक मारली, तरी तिचं बोट पाईपवरून निघेना.

"तुमी जेवा," ती म्हणाली, "माका हेच्याबरोबर जरा फिरांदे."