नानांच्या आवाजाला लागलेली ओल

गाणं कानावर पडलं की जिनिंगवाले नाना दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींजवळ आणायचे आणि हवेतच काहीतरी हळूहळू ताणायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा देवाला हात जोडतोय की काय. तसलं काही नव्हतं. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नानांची सगळी नोकरी कापूस पारखण्यात गेली होती. ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि माल कसला ते सांगून मोकळं व्हायचं. निवृत्तीनंतर ते जळगावात आमच्या कॉलनीत राहायला आले. कापूस सुटला, पण ओढणं सुटलं नाही. आता ते गाणी ओढून बघायचे.

भाषाही कापसाचीच. रेकॉर्डवर टिकटिक आली की म्हणायचे, सरकी राहिलीय. गाणारीचा आवाज वरच्या सुरात फाटला की धागा तुटला. आणि आवाज बसका, गोधडीखालून आल्यासारखा वाटला की चेहरा पाडून निकाल द्यायचे, "ओला माल शे." माणूस मूळचा शिंदखेड्याकडचा. आमच्याशी कचेरीतलं मराठी बोलायचे, पण निकालाची वेळ आली की अहिराणीवर यायचे. त्यावर अपील नसायचं.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो त्यांच्या मुलामुळे. मुलगा पुण्याला. त्याने वडिलांचा जुना अॅम्प्लिफायर मोडीत काढून नवा कोरा आणून दिला. नानांनी हौसेने रेकॉर्ड लावली, तर डास गुणगुणावा तसा आवाज. कॉलनीत रेकॉर्ड ऐकणारा दुसरा माणूस मीच, म्हणून मला बोलावणं आलं. मी सांगितलं, नाना, रेकॉर्डच्या सुईतून येणारा आवाज अगदी क्षीण असतो. शिवाय रेकॉर्ड बनवतानाच खर्ज दाबलेला आणि बारीक सूर चढवलेला असतो. ते सगळं परत सरळ करून आवाज मोठा करायला एक फोनो स्टेज लागतो. जुन्या अॅम्प्लिफायरच्या पोटातच तो असायचा, नव्यात नसतो, वेगळी डबी आणावी लागते. एवढं बोलून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. "मग चला, आणू," असं नाना म्हणाले आणि माझ्या कित्येक सुट्ट्यांची वाट लागली.

पहिली डबी छान निघाली, खोटं कशाला बोलू. मग रविवारी सकाळी नानांकडे आमची बैठक सुरू झाली. नाना, मी आणि मागच्या गल्लीतले मण्यारसर. हे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. नियम एकच, रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. बाजू संपली की नाना निकाल द्यायचे आणि अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, चहा आणि शेव आणायच्या. आठवडाभर कॉलेजात मुलांपुढे घसा फोडून झाल्यावर मला ती न बोलण्याची सकाळ फार आवडायची.

काही वर्षं अशी सुखाची गेली आणि मग आवाजाला ओल लागली. म्हणजे नानांना लागलेली दिसायला लागली. मला तर सगळं पूर्वीसारखंच ऐकू येत होतं. धुळ्याला शरीफभाई म्हणून अॅम्प्लिफायर बनवणारे एक कारागीर होते, त्यांच्याकडे आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. खणून ठेवलेला रस्ता, बसचे हादरे, खिडकीतून धूळ आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली डबी. ती माझ्याच मांडीवर, कारण नानांचे गुडघे दुखायचे. शरीफभाई मीटर लावून बघायचे आणि सांगायचे, डबीत काही दोष नाही. नाना हसायचे. "मीटरने कापूस कळला असता तर जिनिंगवाल्यांनी मला कशाला ठेवला असता?" मग नवी डबी. एक काचेच्या वाल्व्हची, एक मुलाने परदेशातून मागवलेली. नवी आली की आठवडाभर माल कोरडा, नंतर पुन्हा ओला. मी पार कंटाळून गेलो होतो. घरी ही विचारायची, आज पण धुळे? मी नुसता चपला घालायचो.

खरं काय ते कळलं एका रविवारी. वीज गेली, रेकॉर्ड फिरता फिरता थांबली आणि नानांच्या खुर्चीशेजारी ठेवलेला इन्व्हर्टर बारीक आवाजात कोकलायला लागला. बॅटरी संपली की ते यंत्र कसं डोकं उठवतं ते ज्याच्या घरी आहे त्याला सांगायला नको. मी वाट बघत होतो, नाना आता हात लांब करून बंद करतील. नाना मात्र निवांत बसून, वीज कधी येईल यावर बोलत होते. मण्यारसरांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी अक्का स्वयंपाकघरातून आल्या, इन्व्हर्टर बंद केला आणि परत गेल्या. ओल कुठे लागली होती ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. नानांच्या कानातून बारीक सूरच निघून गेले होते आणि आम्ही डब्या बदलत बसलो होतो.

निघताना अक्का फाटकापर्यंत आल्या. एरवी त्या कधी येत नसत. पदर हातात चाळवत हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्यासले काही सांगू नका. कानवरना इस्वास गया ना, ते रेकॉर्डले हात बी नही लावाव." ज्या माणसाने जन्मभर मीटरला हसून हाता-कानावर भरवसा ठेवला, त्याला कसं सांगायचं, की बाबा, आता तुझाच माल ओला झालाय? मी मान हलवली आणि घरी आलो.

पुढच्या वारीत शरीफभाईंनी एक वेगळीच डबी काढून दिली. लाखेच्या जुन्या तबकड्या प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने बनवलेल्या असत. त्यांच्यासाठी या डबीला खर्जाचं आणि बारीक सुरांचं अशी वेगवेगळी बटणं होती, हवं तसं कमीजास्त करायला. शरीफभाई मला एवढंच म्हणाले, "ये नाना को पसंद आयेगा." त्यांनाही ठाऊक होतं तर.

नानांनी रविवारी आमच्यासमोर बारीक सुरांचं बटण फिरवायला घेतलं. आम्हाला योग्य वाटेल तिथे ते आलं, पुढे गेलं, आणखी पुढे गेलं आणि पार टोकाला जाऊन थांबलं. खोलीत कोणीतरी स्टीलच्या ताटावर खिळा ओढतोय असा आवाज झाला. मण्यारसरांचा कप तोंडाशी थांबला. आणि नाना! नानांच्या चिमटी एकमेकींपासून दूर जायला लागल्या, दूर, आणखी दूर. इतका लांब धागा त्यांना कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. "कोरडा शे," म्हणाले आणि सगळाच्या सगळा माल पास केला, "बठ्ठा कोरडा शे!" मग अक्कांकडून एक टिकली मागून घेतली, त्या बटणासमोर खूण म्हणून चिकटवली आणि सगळ्यांना बजावलं, इथून हलवायचं नाही.

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही ते खिळ्याचं गाणं ऐकलं. ओळखीच्या, लाडक्या रेकॉर्डी, आणि प्रत्येक 'स' सापासारखा अंगावर येणारा. घरी येऊन मी डोकं धरून पडायचो. ही म्हणायची, जाता कशाला मग? त्या माणसावर माझा जीव होता, म्हणून जायचो. मण्यारसरही न चुकता यायचे. बाजू संपली की नाना विचारायचे, कसा वाटला? मण्यारसर गंभीरपणे म्हणायचे, "उमदा माल."

शेवटी शेवटी नाना बरेच थकले. एका सकाळी मण्यारसर लवकर उठून गेले. मीही निघालो, तर नानांनी बसायला सांगितलं. कपाटातून पत्र्याचा जुना डबा काढला. त्यात पांढराशुभ्र कापूस होता, नोकरीच्या शेवटच्या दिवशी जिनिंगमधून आणलेला. त्यातला थोडा तोडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"भाऊ, पुढच्या रविवारी हा कानात घालून या. सरांसाठीबी घेऊन जा."

नाना बोटांनी कापूस ओढत होते.

"मला काय कळत नाही का? बाजू संपली की तुम्ही दोघं श्वास सोडता, तो दिसतो मला. कान गेले, डोळे शेतस ना अजून. पण तुम्ही येत राहिले. अक्काले सांगू नका हां, मला माहीत आहे म्हणून. तिला वाईट वाटेल."

मी तो कापूस खिशात घालून रस्त्याला लागलो आणि वळणावर गेल्यावर डोळे पुसले.

त्या पुढच्या रविवारी बैठक झालीच नाही. नाना दवाखान्यात होते आणि तिथून परत आले नाहीत. अक्का पुण्याला मुलाकडे गेल्या, जाताना डबी माझ्या हातात देऊन गेल्या. मण्यारसरही आता नाहीत. डबी माझ्या घरी आहे, टिकली जागच्या जागी आहे. सुरुवातीला मी बटण मागे घेऊन माझ्यापुरतं ऐकायचो आणि झालं की परत टिकलीसमोर आणून ठेवायचो, तेवढाच नानांचा मान. मग केव्हातरी मागे घ्यायचं राहून जायला लागलं. हल्ली घेतच नाही. टिकलीसमोर बटण असलं की आवाज अगदी मोकळा, स्वच्छ वाटतो. मागे घेतलं की ओला.

गेल्या रविवारी रेकॉर्ड लावून बसलो होतो. ही चहा घेऊन आली, शेजारच्या खुर्चीत बसली. कप घेताना सहज नजर गेली, तर हिच्या कानात देवाच्या वातींचा कापूस. बाजू संपली, मी रेकॉर्ड उलटी करून लावली. ही उठली नाही, दुसरी बाजू संपेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली.