पुलगावच्या वरचं पाणी

मंगरू मडावींनी सव्वीस वर्षं वर्धा नदीची पातळी मोजली. पुलगावजवळ काठावर आकडे रंगवलेले होते. पाणी कितव्या आकड्यावर आलं ते बघायचं, वहीत लिहायचं आणि फोननं कळवायचं. वरच्या अंगाला, रोहण्याच्या बाजूला, हेच काम तानबा नावाचा माणूस करायचा. दोघांची भेट कधी झाली नव्हती, ओळख नुसती फोनवरची. धरणातून पाणी सुटलं की तानबा सांगायचा, "निघालं रे पाणी, ध्यान ठेवजो." मग मंगरू घड्याळ बघत बसायचे. कधी ते पाणी पाच तासांत पोचायचं, कधी नऊ तास लावायचं. मधल्या वाटेत ते करतं तरी काय? साहेबांना विचारलं तर ते म्हणत, तुम्ही आकडा लिहा.

निवृत्त होऊन वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घरी बसल्यावर हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. दिवाळी झाली आणि त्यांनी घरात जाहीर केलं, सायकलनं काठाकाठानं रोहण्यापर्यंत जायचं.

"एसटी जाते ना रोहण्याले. सायकल काऊन?" सुंदराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"एसटीतून नदी दिसत नाई."

मुलगी गुंजननं मोबाइलवर नकाशा उघडला, पण त्यातला रस्ता नदीला सोडून भलतीकडेच पळत होता. शेवटी मंगरूंनी तानबाला फोन लावला. तो सांगत गेला, गुंजन कागदावर उतरवत गेली. कुठं बैलगाडीची वाट, कुठं नाला, कुठं सायकल खांद्यावर घ्यायची.

"एका दिवसात नाई होत," तानबा म्हणाला. "मधात माह्या मावसबहिणीचं घर हाय. प्रमिलाबाई. तिच्याकडे मुक्काम कर. दुसऱ्या दिवशी माह्याकडे येजो."

राहता राहिली सायकल, ती पुलगावपर्यंत रेल्वेनं न्यायची होती. वर्धा स्टेशनच्या लगेज ऑफिसात मंगरू दोनदा जाऊन आले. नाव-पत्त्याचा पुठ्ठा बांधा, गाडीच्या तासभर आधी या, असं बाबूनं समजावलं. मग त्याला राहवेना. "काका, पुलगाव इथंच तं हाय. चालवतच जा ना!"

"पायात जोर मोजकाच हाय. तो नदीसाठी ठेवला."

सकाळच्या पॅसेंजरनं ते पुलगावला उतरले आणि पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांमधून वर निघाले. प्रमिलाबाईंच्या दारात पोचेपर्यंत दुपार कलली होती. घराखालीच नदीचा काळाभोर डोह होता. बाई वांगी तोडत होत्या. हातपाय धुवायच्या आधीच मंगरूंनी विचारलं, "बाई, पाणी इथं थांबते का?"

"थांबते म्हणजे? नदी आटली की इथून रोहण्यापर्यंत असे सात डोह उघडे पडतात. वरून पाणी सुटलं की आधी एकेक डोह भरते, मंगच पुढं सरकते. डोह आधीच भरले असले तं सरळ पळते. आमी त्याच हिशोबानं मोटर लावतो."

मंगरू ओट्यावर बसले. हसू येत होतं आणि थोडी लाजही वाटत होती. सव्वीस वर्षांत काठावरच्या एकाही माणसाला आपण विचारलं नाही! त्यांनी बाईंकडून सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते डोह मोजत गेले. त्यांना सहाच सापडले.

फोनवरच्या भारदस्त आवाजावरून त्यांनी तानबाला धिप्पाड समजलं होतं. दारात उभा होता तो एक काटकुळा, ठेंगणा माणूस. चहा पिता पिता तानबानं डोहांची सगळी हकीकत ऐकली.

"मी नुसतं निघालं म्हणून सांगत होतो," मग तो म्हणाला. "तुयापासून पुढं ते कुठं कुठं जाते, मले कवा कोणी सांगितलंच नाई."

मंगरूंनी खिशातला कागद उलटा करून कोऱ्या बाजूनं पसरला आणि पुलगावच्या खालच्या अंगाला दोघांनी जायचा बेत मांडला. हिंगणघाटपर्यंत रेल्वे, तिथून वेणा नदीच्या काठानं, ती वर्धेला मिळते तिथवर. मुक्कामाला घर शोधावं लागेल.

"तुयाजवळ सायकल हाय का?"

"हाय, पोरीची. ट्यूब गेली तिची."

दुसऱ्या दिवशी रोहण्यातलं सायकलचं दुकान उघडायच्या आधीच दोघं दारात उभे होते.